मायनस साडेचार

भिंतीवर एकेचाळीस माणसं बसली होती. मैदानावर चौदा मुली, दोन पंच, गुण टिपणारे एक गुरुजी आणि कडुनिंबाखाली खुर्च्या टाकून बसलेले निवड समितीचे तिघं. त्यातल्या मधल्या साहेबांच्या शर्टाचं दुसरं बटण वेगळ्याच रंगाचं होतं. अक्षतानं हे सगळं मोजलं, कारण आज तिला ते मोजता येत होतं. परवापर्यंत भिंतीवरची माणसं म्हणजे तिच्या दृष्टीनं लांबलचक वाळत घातलेली गोधडी होती.

लेन्स धम्मपालदादानं आणल्या होत्या. तिचा हा मोठा भाऊ जालन्याला चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायचा. कबड्डीत चष्मा चालत नाही, म्हणून अक्षता इतकी वर्षं तशीच खेळत आली होती. "मायनस साडेचार," तो म्हणाला होता, "एवढा नंबर घेऊन तू कोपऱ्यात उभी राहतीस, हेच मला पटत न्हाई. आता बघ कशी खेळतीस."

जिल्ह्याच्या संघात डाव्या कोपऱ्याची जागा एकच उरली होती. सकाळी अंबडच्या याच मैदानावर जालन्याच्या मुलीनं तिथून चार पकडी करून ठेवल्या होत्या. अक्षताला त्याहून जास्त लागणार होत्या.

पूर्वार्धात तिची एकही झाली नाही.

घनसावंगीची अर्पिता चढाईला आली की आधी तिचे डोळे यायचे. डोळे उजवीकडं जायचे, भुवई उडायची, ओठ मुडपायचे. अक्षता त्या भुवईमागं जायची आणि अर्पिताचा पाय भलतीकडूनच येऊन तिला शिवून जायचा. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा मध्यरेषा ओलांडून अर्पितानं मागं वळून पाहिलं.

"काय गं, चष्मा घरी इसरलीस का?"

तिच्या हसण्यातली दातांमधली फटसुद्धा अक्षताला दिसली.

बाद होऊन बाहेर बसली तरी डोळे एका जागी ठरेनात. भिंतीवरचा एकजण शेजाऱ्याच्या कानाशी लागला आणि दोघांनी तिच्या उघड्या गुडघ्यांकडं पाहिलं. तिनं हातांनी गुडघे झाकले, मग हात काढले, मग पुन्हा झाकले. तिच्या गावी, हसनाबादच्या चौकातून सरावाला जाताना ती चष्मा काढून डब्बीत ठेवायची. तिथं कोण कसं बघतं ते तिला ठाऊक नव्हतं. गावात सगळे तिला धीट म्हणत. चष्मा डब्बीत गेला की धीट होणं काही अवघड नव्हतं.

मध्यंतराला शाळेतल्या तिच्या प्रशिक्षक दैवशाला मॅडम समोर येऊन उभ्या राहिल्या.

"अक्षे, तू तिच्या तोंडाकडं काय बघून राह्यलीस? तोंडानं चढाई करती का ती?"

"दिसतं म्हणून बघते, मॅडम."

"मंग आधी कुठं बघायचीस?"

अक्षतानं आठवून पाहिलं. आधी समोर तोंड नसायचंच. हलणारा एक ठिपका यायचा आणि त्याचा मधला भाग, कमरेचा, जिकडं कलायचा तिकडंच पाय जायचे. बाकी काही दिसत नसल्यामुळं फसायलाही काही नसायचं.

तिनं पाण्याची बाटली घेतली आणि हात धुवायला लागली. दोरीपलीकडून धम्मपाल पुढं आला.

"काय करून राह्यलीस?"

"लेन्सची डब्बी दे, दादा."

"येडी झालीस का? अर्धा सामना राह्यलाय अजून."

"डब्बी आणली का न्हाई?"

"आणली. पण काढल्यावर तुला बराबर दिसणार न्हाई."

"हां."

धम्मपालनं मॅडमकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघता?" मॅडम म्हणाल्या. "डोळे तिचे हायेत."

उजवी लेन्स पटकन निघाली. डावी निघेना. बोट घसरत होतं, डोळ्यातून पाणी गळत होतं. अर्धं मैदान रेखीव, अर्धं पुसट. शिट्टी झाली. "जल्दी कर," धम्मपाल डब्बी उघडून धरत म्हणाला. शेवटी चिमटीत काहीतरी ओलं आलं. भिंतीवर पुन्हा गोधडी पसरली.

अर्पिता आली. म्हणजे कबड्डी, कबड्डी असा आवाज आला आणि त्यापाठोपाठ एक लाल ठिपका. त्याला भुवया असतील तर त्या त्याच्यापाशी. ठिपका जरासा डावीकडं झुकला, अक्षता वाकली आणि घोटा तिच्या दोन्ही हातांत आला. ओढाओढीत तोंडात माती गेली. तिनं पकड सोडली नाही.

पुढं एकदा ती फसलीही. अर्पितानं झेप घेऊन पाय इतका लांबवला की खांद्याला लागल्यावरच तो कळला. पण दोन चढायांनंतर अर्पिताच तिच्या जवळ येऊन दम राखत थांबली. पंचांची शिट्टी झाल्यावर म्हणाली, "अगं, बघ तरी माझ्याकडं."

"बघून तर राह्यले," अक्षता म्हणाली.

सामना संपला तेव्हा तिला कडुनिंबाखाली फक्त तीन पांढुरके डाग दिसत होते. ती धम्मपालजवळ गेली.

"दादा, मधले साहेब काय करून राह्यलेत?"

"लिहून राह्यलेत."

"तोंड कसंय?"

"खाली घातलंय."

गुणलेखक गुरुजींनी उत्तरार्ध मोठ्यानं वाचून दाखवला. अर्पिताच्या चढाया आठ. डाव्या कोपऱ्यातून पकडी पाच.