गांजा सोडल्याची कबुली

माझा राग अजून उतरलेला नाही, आणि तो उतरावा असं मला वाटतही नाही.

कान्ह्याजवळच्या आमच्या गावात 'गांजा सोडा, गवती चहा लावा' अशी सरकारी योजना आली. रोपं फुकट, वर ठिबक सिंचनाच्या नळ्या. अट एकच: आधी गांजा लावत होतो, आता सोडला, असं लिहून द्यायचं. आमच्या भातखाचरांत कोण मरायला गांजा लावतोय? पण योजनेला हवं तसं लिहून द्यायची गावाला जुनी सवय, आणि साहेबांना लाभार्थ्यांचा आकडा भरायचा होता. कृषी सहायक म्हणाला, "कागदापुरतं आहे हो, ताई." मी तळेगावात सोसायटीच्या ऑफिसात कामाला, म्हणून आईचा अर्ज मीच भरला. 'चाळीस झाडं' असं खुशाल ठोकून दिलं. आईनं खाली अंगठा उठवला.

"सोडला असंच लिवलंयस न्हवं? मग झालं," ती म्हणाली.

रोपं आलीच नाहीत. आले ते पोलीस.

वलवणच्या एका बंगल्यातल्या पार्टीत गांजा सापडला होता. बंगलेवाल्याचा वकील तासाभरात हजर झाला आणि पार्टीतली मंडळी आपापल्या गाड्यांतून घरी गेली. आता माल पिकवणारं कुणीतरी हवं होतं, आणि सरकारी कपाटात यादी तयारच होती. माझी साठीची आई सकाळपासून ठाण्याच्या बाकावर बसलेली; मेल्यांनी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

"मावशी, तुमची कबुली आहे आमच्याकडं," फौजदार म्हणाला. "बंगल्यावर माल कोण पोचवायचा, तेवढं नाव सांगा. तुम्हाला साक्षीदार करतो. आत्ता घरी जा."

मी आईच्या कानाशी लागले. "शेजारच्या कैलासचं नाव घे. रोज बंगल्यांवर दूध घालतो त्यो. घे आन् सुट."

आईनं माझ्याकडं असं पाहिलं, की मी मागं सरकले.

"कैलासला दोन लेकरं हायती," ती म्हणाली. "तुज्या एका खोट्यावर अंगठा दिला म्या. दुसरं न्हाई बोलायची." मग ती फौजदाराकडं वळली. "मला कायबी ठावं न्हाई, सायेब. कोंडायचं तर कोंडा."

त्यांनी कोंडलं. मी गजांपाशी गेले, तर तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. फौजदारावर, बंगलेवाल्यावर, योजनेवर मी कितीही दातओठ खाल्ले, तरी आई चिडली होती ती माझ्यावर.