माझ्या पोटातलं कुंकू

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मला डोळे दोन, एकावर एक. वरच्याने नुसतं बघायचं आणि खालच्याने फोटो काढायचा, अशी आमच्या घराण्यातली कामाची वाटणी. त्यामुळे वरचा डोळा जरा आळशी आणि बराच चोखंदळ झाला आहे, आणि कष्ट सगळे खालच्याच्या वाट्याला आले आहेत. एकदा हा खालचा डोळा मिटला तो उघडेचना. मग माझे सगळे अवयव सुटे करून एका पाटावर मांडावे लागले. त्या दिवसाची हकिकत तुम्हाला सांगायची आहे. घाबरू नका. ज्या अर्थी मी बोलतो आहे, त्या अर्थी मला कुणीतरी पुन्हा जोडलं आहे.

माझा जन्म जर्मनीतला. बोटीने मुंबईला आलो आणि गिरगावात, ठाकुरद्वारला, बाबुरावांच्या फोटो स्टुडिओत नांदायला लागलो. बाबुराव शिस्तीचे. रोज सकाळी मऊ, कोरड्या फडक्याने मला पुसायचे आणि पुसताना कुणाशी बोलायचे नाहीत. बारशी, मुंजी, साखरपुडे, सगळं मी पाहिलं. स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो तर मी इतके काढले, की त्यातल्या निम्म्या मुली माझ्यामुळे पसंत पडल्या असं मला अजून वाटतं.

पण वर्षातला माझा खरा आवडता दिवस म्हणजे दसरा. त्या दिवशी बाबुराव मला लालबागच्या एका गिरणीत न्यायचे. एरवी कामगाराशिवाय कुणाला फाटकातून आत सोडत नसत, पण दसऱ्याला बायकामुलांना मुभा असे. मागाला गिरणीतले लोक साचा म्हणतात. त्या दिवशी साचे बंद असत आणि त्यांना झेंडूच्या माळा, कुंकवाची बोटं, पुढे नारळ. बायका नवी लुगडी नेसून आपल्या नवऱ्याचा साचा बघायला यायच्या, आणि इतका आरडाओरडा करणारं यंत्र ते हेच का, म्हणून त्याला हात लावून पाहायच्या. मग जो तो आपल्या साच्यापुढे ताठ उभा राहून फोटो काढून घ्यायचा.

माझं तिकाटणं, म्हणजे मला उभं करायची तीन पायांची घोडी, उचलायला एक तरणा विणकर दरवर्षी आपणहून पुढे यायचा. त्याचं नाव जगन घाडी. मूळचा कणकवलीकडचा, राहायला करी रोडच्या चाळीत. इकडून तिकडे माझं ओझं वाहताना त्याचा स्वतःचा नंबर नेहमी शेवटी लागायचा, आणि तोवर माझ्यातला रोल संपलेला असायचा.

"पुढच्या दसऱ्याला पहिला तुझा," बाबुराव ओशाळून म्हणायचे.

"साचा काय पळून जातोय होय, बाबुराव?" असं म्हणून जगन हसायचा.

पुढे बाबुरावांचे गुडघे दुखायला लागले आणि गिरणीचे जिने त्यांना चढवेनात. त्या दिवाळीला जगन बोनस घेऊन आला आणि मला विकत मागून घेऊन गेला. "कपाटात ठेवणार असलास तर देत नाही," एवढीच बाबुरावांची अट होती. जगनने ती मनापासून पाळली. फक्त, कोरड्या फडक्याविषयी बाबुराव बोलायचे राहून गेले. ते इतकं साधं होतं, की सांगावं लागेल असं त्यांना वाटलंच नसेल.

आणि मग पुढचा दसरा यायच्या आतच संप झाला. गिरणीचा भोंगा बंद पडला. करी रोडची सगळी चाळ भोंग्यावर उठायची. ती आता भोंग्याशिवायच जागी व्हायची आणि कुठे जायचं ते न कळून गॅलरीत उभी राहायची. पाहता पाहता दसरा आला. फाटकाला कुलूप होतं. जगनने आंघोळ केली, पूजेचं ताट घेतलं आणि खोलीच्या मधोमध येऊन थांबला. कारण पूजा कशाची करायची, हाच प्रश्न होता. सगळ्या घरात हत्यार म्हणावं असं एकच होतं, ते म्हणजे मी.

त्याने मला पाटावर बसवलं. हळद वाहिली, कुंकू लावलं, फूल ठेवलं. मग फळीवरून त्याने आपली तेलाची कुपी काढली. लांब चोचीची ही कुपी गिरणीतली. रोज पाळी सुरू व्हायच्या आधी तो तिने साच्याला तेल देत असे. त्याने तिची चोच माझ्या खालच्या डोळ्याशेजारच्या खाचेत घातली आणि दोन थेंब आत सोडले.

"आता तूच आमचो साचो रे बाबा," तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, माझा ऊर भरून आला. पण त्या तेलाने घातही केला. साचा तेलावर चालतो, मी मात्र कोरडा चालतो. माझ्या खालच्या डोळ्यात केसाहून जराशीच जाड अशी पोलादी पाती असतात, एकमेकांवर निजलेली. त्यांना तेल लागलं की ती एकमेकांना चिकटतात. पण जगनला हे कुठून ठाऊक असणार? तेल चुकलं की किंचाळणारी यंत्रंच त्याने जन्मभर पाहिली होती. मला बोलता येत असतं तर ओरडलो असतो, पण त्याचा तो चेहरा बघून कदाचित ओरडलो नसतोही.

नंतरची वर्षं आम्ही तिघांनी मिळून काढली. जगनची बायको गुणवंती खानावळीत भाकऱ्या भाजायला जाई, आणि जगन मला गळ्यात अडकवून बारशी, साखरपुडे करी. आखातात निघालेल्या पोरांचे पासपोर्टचे फोटो तर विचारू नका. गिरणगावातले अर्धे लोक परदेशी जाताना माझ्याकडे बघून गंभीर झालेले आहेत. आणि दर दसऱ्याला हळद, कुंकू, झेंडू आणि दोन थेंब तेल. दरवर्षी मी थोडा मंदावत होतो. जगनला वाटे, मी म्हातारा झालो.

संपाला आठ-नऊ वर्षं होऊन गेली होती. घट बसले त्या दिवशी दगडू आला. हा जगनच्या शेजारच्या साच्यावरचा, आता त्याच बंद गिरणीत पहारेकरी होता.

"दिवाळी झाली की साचे भंगारात जातले," दारातच त्याने सांगितलं. "दसऱ्याक सकाळी फाटक उघडतले, जुन्या लोकांक पूजा करूक. शेवटची. तू कॅमेरो घेऊन ये. तुझो एकट्याचोच फोटो रवलो हा."

दगडू गेल्यावर जगनने मला काढलं, रिकामंच बटण दाबून पाहिलं. मी जीव एकवटला. पण डोळा उघडला नाही. त्याने पुन्हा दाबलं, हलवलं, फुंकर मारली. काही नाही. एवढी वर्षं न पळालेला साचा आता खरोखर निघाला होता, आणि मी ऐन वेळी डोळे मिटून बसलो होतो. जगन भिंतीला टेकून खाली बसला.

दुसऱ्या दिवशी दोघं नवराबायको मला घेऊन ठाकुरद्वारला गेली. बाबुराव वारले होते. त्यांची मुलगी सरोजिनी आता त्याच गाळ्यात कॅमेरे दुरुस्त करत होती. तिने मला ओळखलं. लहानपणी ती माझ्या वरच्या काचेत बघून उजवीकडची माणसं डावीकडे कशी गेली म्हणून हसायची. आता चष्मा कपाळावर चढवून तिने मला उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "उघडावा लागेल. बसा."

तिने पाटावर पांढरं फडकं पसरलं. शेजारी पितळी पंचपाळं ठेवलं, सवाष्णी हळदीकुंकवाला वापरतात तसं, पाच वाट्यांचं. आईचं होतं म्हणे. त्याच्या एकेका वाटीत ती माझे स्क्रू टाकत गेली, म्हणजे कुठले कुठले ते विसरायला नको. तिने माझं कातडं सोडवलं. पुढची पाटी निघाली. मग रबराचा तुकडा दाबून तिने खालच्या डोळ्याची काच फिरवली आणि अलगद काढली. दुखत नव्हतं. डॉक्टरपुढे सदरा काढताना वाटतं तसं वाटत होतं, एवढंच.

वरच्या झाकणाखालून झेंडूची एक वाळकी पाकळी निघाली. सरोजिनीने ती चिमट्यात धरून उजेडात पाहिली आणि बाजूला ठेवली. मग तिने पात्यांवरची कडी काढली आणि थांबली. माझी पाती लाल झाली होती. तेलात मळलेल्या कुंकवाचा पाक बसला होता त्यांच्यावर.

"यात तेल कुणी घातलं?"

"तेल?" जगन छताकडे बघायला लागला. "कुणाला माहीत. हवेतलं असेल."

"गप रवा. खरा काय ता सांगा," गुणवंती फिसकारली, आणि तो सांगेना तेव्हा सरोजिनीकडे वळली. "हेच घालतात, बाई. दर दसऱ्याला. कुंकू लावतात, वर तेल. गिरणी बंद झाली ना, मग ह्यांच्या हाताला चैन पडेना. साच्याला घालायचे ते ह्याला घालायला लागले. मी बघत होते. मला वाटलं, घालू दे, तेवढंच समाधान."

सरोजिनी रागावली होती, ती हसायलाच लागली. "कमाल आहे तुमची, जगनभाऊ! कुंकू असायचं तिथे तुमचे स्क्रू, आणि स्क्रू असायचे तिथे तुमचं कुंकू!"

जगनला हसू आलं नाही. पाटावर पसरलेल्या माझ्या तुकड्यांकडे तो बघत होता. "म्हणजे मीच मारला ह्याला," तो म्हणाला. "जीव लावून लावून मारला."

"मेला नाही अजून," सरोजिनी म्हणाली. मग तिने पांढऱ्या पेट्रोलात कापूस बुडवला आणि एकेक पातं पुसायला घेतलं. कापूस लाल व्हायचा, टाकायचा, दुसरा घ्यायचा. एकेका कापसात एकेक दसरा निघत होता. जगन तिथून हलला नाही. सगळी पाती जेव्हा लखलखीत होऊन कोरडी पडली आणि तिने ती पुन्हा एकमेकांवर निजवली, तेव्हा मला बाबुरावांच्या फडक्याची आठवण झाली.

"याचा डोळा जरा जास्त वेळ उघडा ठेवणारी चक्रं झिजली आहेत, ती आता मिळत नाहीत," जोडून झाल्यावर तिने सांगितलं. "तुम्ही म्हणता त्या गिरणीत वीज नसेल, अंधार असेल. बटण दाबून धरायचं, चार अंक मोजायचे, मग सोडायचं. तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. आणि हे बघा, कुंकू लावायचंच असेल तर गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला लावा. ती कुपी मात्र रिकामी करून मला आणून दाखवायची. शब्द द्या."

जगनने शब्द दिला. पण तेल ओतून टाकणं त्याच्या जिवावर आलं असावं, कारण दसऱ्याच्या सकाळी कुपी भरलेलीच त्याच्या खिशात होती.

आम्ही गिरणीत शिरलो. छपराच्या काचांवर धूळ साचली होती आणि त्यातून गाळीव उजेड खाली येत होता. साचे ओळीने उभे होते, गंजलेले. म्हातारी झालेली माणसं आपापला साचा शोधत फिरत होती. जगनला शोधावा लागला नाही. त्याने माळ घातली, कुंकू लावलं, नारळ ठेवला. मग खिशातून कुपी काढली आणि साच्याच्या खाचाखाचांत तेल सोडायला लागला. दोन थेंब नाहीत, सगळं.

"अरे, भंगारात चाललो तो," दगडू म्हणाला. "त्येका तेल कित्याक?"

"जाऊ दे रे," जगन म्हणाला. "जाताना तरी करकरता कामा नये."

कुपी रिकामी होईपर्यंत तो थांबला नाही. ज्याला तेल हवं होतं तो इतकी वर्षं कोरडा राहिला होता, आणि ज्याला कोरडं राहायचं होतं त्याला दरवर्षी तेल मिळालं होतं. त्यात चूक कुणाची, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. जगनची तर नाहीच.

मग त्याने मला तिकाटण्यावर बसवलं आणि बटण गुणवंतीच्या बोटाखाली दिलं. स्वतः साच्याला हात लावून ताठ उभा राहिला. एवढी वर्षं ज्याने माझं ओझं वाहिलं, तो आज पहिल्यांदा माझ्या समोर होता.

"हलू नकात हां," गुणवंती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. मी डोळा उघडला. "एक... दोन... तीन... चार." मी डोळा मिटला. खट्. कोरडा, स्वच्छ आवाज आला. सगळ्यांनी तो ऐकला.

निघताना जगनने सवयीने कुंकवाची चिमूट उचलली. हात माझ्या डोळ्यापर्यंत आला, तिथेच थांबला, आणि खाली येऊन त्याने पट्ट्याला बोट लावलं.

रोल सरोजिनीने धुतला. शब्दाप्रमाणे जगनने आणलेली रिकामी कुपी आणि फोटो समोरासमोर ठेवून ती हळहळली. साचा अगदी स्पष्ट आला होता, जगनचा चेहराही. पण चार मोजेपर्यंत त्याचा हात साच्यावर स्वस्थ राहिला नव्हता. तेवढाच पुसट होता.

"हात हलला हो, जगनभाऊ. आता पुन्हा काढताही यायचा नाही."

जगनने फोटो डोळ्यांजवळ नेला आणि किती तरी वेळ बघत राहिला. "बरोबर आलाय, बाई," तो म्हणाला. "साच्यावर माझा हात कधी थांबलाय?"

मित्रांनो, तो फोटो करी रोडच्या खोलीत अजून भिंतीवर आहे, आणि त्याच्याच खाली फळीवर मी. तुमच्याही घरात माझ्यासारखं जुनं काही असेल. त्याच्यावर माया करा, जरूर करा, आम्ही मायेचे भुकेलेच असतो. पण त्याआधी आम्हाला काय सोसतं आणि काय नाही, हे जरा कुणाला तरी विचारून घ्या. तेल साच्याला द्या, मला एक कोरडं फडकं पुरे. आणि दसऱ्याला विसरू नका. कुंकू पट्ट्याला लावलं तरी ते मला पोचतं.