क्रांतीच्या छातीवरची लाल रेघ

कागलच्या त्या घरात सकाळी राजवीरसमोर दुधाचा पेला आला, की मोनाच्या पोटात दुखायचं.

राजवीर तिच्या धाकट्या जावेचा मुलगा. गेल्या वर्षी शाळेतल्या तपासणीत त्याच्या आणि मोनाच्या लेकीच्या, क्रांतीच्या, अशा दोघांच्याही हृदयाला भोक निघालं. महिन्याच्या आत कोल्हापुरात राजवीरची छाती उघडून भोकावर कृत्रिम कापडाचं ठिगळ शिवलं. पोरगं टुणटुणीत झालं. आता सदऱ्याची बटणं सोडून गल्लीभर वण दाखवत हिंडतं. आणि क्रांती? चार पायऱ्या चढली की धापा टाकते.

तिचं ऑपरेशन का नाही? तर म्हणे, पोरीची जात! सासू झुंबरबाईंनी ठणकावलं होतं, "छातीवर येवढा वण घिऊन कोण पत्करंल तिला? मांडीतनं नळी घालून भोकावर छत्री बसवत्यात, तसलं बिनटाक्याचं करूया की."

डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं. हिच्या भोकाला एका बाजूला कडच नाही, छत्री टिकायची नाही, ठिगळच शिवावं लागेल. फार उशीर केलात तर फुप्फुसांवरचा दाब वाढेल, मग ठिगळाचाही उपयोग नाही. पण ऐकतो कोण! हा डॉक्टर नको, तो बघू. मोनाचा नवरा आईपुढं तोंड उघडत नव्हता.

मोना जावेवर जळायची. खरं सांगायचं तर त्या पोरावरही. तो धावत आला की हिच्या मनात यायचं, पडावा एकदा तोंडघशी. मग स्वतःचीच लाज वाटून ती भांडी आपटायची.

त्या दिवशी आंघोळीला क्रांतीचा झगा काढला आणि मोना किंचाळली. गळ्याखालून पोटापर्यंत लालभडक रेघ! रक्त नव्हतं, स्केचपेन होतं.

"ह्ये काय गं?"

"राज्याला हाय की. मलाबी पायजे," क्रांती फुरंगटून म्हणाली. "त्याला ठिगळ लावलं, त्यो पळतोय. मला का न्हाय? मी आगाव हाय म्हणून?"

मोनाला रडू फुटलं. राग काढायचा होता सासूवर, नवऱ्यावर, स्वतःच्या गप्प बसण्यावर. काढत आली कुणावर, तर आठ वर्षांच्या राजवीरवर!

तिनं क्रांतीला तसाच झगा घालून बाहेर काढलं. दारात झुंबरबाई आडव्या आल्या.

"कुठं निघालीस?"

"कोल्हापूरला. ठिगळ लावायला."

"आन् लगीन?"

"वण बघून न्हाय म्हणणारा जावई मलाच नगो. पोरगी जगायलाच न्हाय तर लगीन कुणाचं लावतासा, आत्ती?"

आतून धाकटी जाऊ चपला घालत आली. "थांबा आक्का, मीबी येतो. तिथलं मला समदं ठावं हाय." मोनानं क्रांतीचा एक हात तिच्या हातात दिला.

दुपारी डॉक्टर तपासून बाहेर आले. "दाब वाढलाय. ठिगळ लावता येईल अजून. पण राजवीरला नव्हता एवढा धोका हिला आहे. तेव्हाच का नाही आणलीत?"

एक वर्ष अख्खं घर या पोरीच्या लग्नाची काळजी करत होतं.

"आई," क्रांतीनं पदर ओढला, "आता मलाबी लावत्यात न्हवं?"