बारावी खुर्ची

फादर होण्यासाठी सेमिनरीत सात वर्षं काढलेल्या ब्रदर इनासला भिवंडीजवळच्या राहनाळच्या मिशनवर धाडलं, ते ऐन वसंतात. वसंत म्हणायचा आपला पुस्तकातला. भिवंडीत मार्च लागला की गोडाउनच्या पत्र्यांवरून झळा मारतात आणि नाकातोंडात सुताचा कोंडा जातो. एका भाड्याच्या गाळ्यात प्रार्थनामंदिर, भाविक म्हणजे झारखंडातून यंत्रमागावर राबायला आलेले लूमवाले. तिथल्या फादर कार्दोजांनी शिफारस केली तरच इनासला पुढे दीक्षा मिळणार होती. त्यामुळे हा गडी देवापेक्षा फादरांच्याच तोंडाकडे जास्त बघायचा.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात सगळे डोंगरावरच्या मारियामाउलीच्या तीर्थाला पायी निघाले. सामानासाठी कोन गावचा भूपेश टेम्पो घेऊन आला होता. आगरी माणूस, गावदेवीचा भक्त. इनासला भक्तीचं भारी उधाण आलेलं, तो अनवाणीच निघाला आणि मानकोलीपुढे तापल्या डांबराने त्याचे तळवे सोलून काढले. भाविक गात गात पुढे गेले. भूपेशने टेम्पो कडेला घेतला, इनासचे पाय मांडीवर घेऊन धुतले आणि स्वतःचा रुमाल फाडून बांधला.

"चपला घालून गेलास तं तुजा देव काय हाकलनार हाय?" तो म्हणाला.

इनासला भरून आलं. त्या भरात तो बोलून गेला, "पवित्र गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले तसे. बाराव्या खुर्चीत तू बसायचंस." लूमच्या ड्युटीपायी अकराच पुरुष जमत होते, हेही त्याच्या मनात होतंच. फादरांना आज सांगू, उद्या सांगू करत त्याने ते सांगितलंच नाही.

भूपेशने मात्र सगळ्या कोन गावाला सांगितलं. गुरुवारी संध्याकाळी तो पांढराशुभ्र शर्ट घालून आला. सोबत ठेवणीतलं लुगडं नेसलेली त्याची आई, काशी.

"माज्या पोराचे पाय फादर धुनार," ती इनासला म्हणाली. "म्हनलं, डोल्यांनी बघाला पायजे."

मिस्सा, म्हणजे संध्याकाळची उपासना, सुरू झाली. फादर घमेलं आणि टॉवेल घेऊन एकेकापुढे वाकत होते, इनास तांब्याने पाणी ओतत होता. बाराव्या खुर्चीपाशी फादर थांबले.

"हा कोण? आपल्यातला आहे का?"

ज्याने माझे पाय धुतले तो, एवढंच सांगायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण फादरांच्या कपाळावरची आठी दिसली आणि इनासची जीभ भलतीकडेच वळली.

"टेम्पोवाला आहे, फादर. चुकून बसला असेल."

भूपेश हातभर अंतरावर होता. त्याने इनासकडे नीट बघितलं. मग सावकाश उठला.

"हां फादर," तो म्हणाला. "चुकूनच बसलो. माफी करा."

मागच्या बाकावरून काशी उठली. "अरं, पन यानंच बोलावलंय ना तुला?" ती मोठ्याने म्हणाली. "ब्रदर, सांग ना त्यांना!"

इनास तांब्यातल्या पाण्याकडे बघत राहिला. भूपेशने आईचा हात धरला आणि दोघं बाहेर गेली. बाहेर टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला.

"बारा तर व्हायला हवेत," फादर हळूच म्हणाले. मग त्यांनी इनासच्या पाठीवर हात ठेवला. "तूच बस."

इनास बसला. फादरांनी त्याचे पाय धुतले, हळुवार पुसले, आणि रीतीप्रमाणे पायाचं चुंबन घ्यायला ते वाकले. पाय मागे घ्यावा असं त्याला फार वाटलं. त्याने तो आणखी थोडा पुढे केला.