आजीला विचारून येतो

मित्रांनो, मी एक जुने आसन आहे. घानातल्या असांते मुलखात, कुमासीच्या वाटेवरच्या एका गावी राणीआई ज्यावर बसते, ते आसन. एका अखंड पांढऱ्या लाकडातून सुताराने मला कोरले. मला पाठ नाही, हात नाहीत. नुसती चंद्रकोरीसारखी खोलगट बैठक. गावप्रमुखासाठी नाव सुचवायचे ते राणीआईने, आणि तो चुकला तर भर सभेत त्याचा कानही धरायचा तिनेच, अशी आमची रीत. सणाच्या आधी बाया मला नदीवर नेत, लिंबू लावून घासत आणि गात:

नदीच्या वाळूनं घासू आसन पांढरं,
बसेल त्यावर आई, गाव सारं तिची लेकरं.

पुढे राणीआई वारली. नवी नेमायला पुरुषांना सवडच होईना. "बघू पुढच्या सणाला," म्हणत किती सण गेले! मी कोठीत कंदांच्या ढिगाआड पडले. कोंबड्यांनी माझ्यावर अंडी उबवली.

गावात निवाडे मात्र होतच होते. निकालाआधी पंच उठत, "आजीला विचारून येतो," असे सभेला सांगत आणि कोलाच्या झाडामागे जात. पूर्वी तिथे खरोखरच राणीआई बसलेली असे. आता पंच तिथे तपकीर ओढत, आपसांत ठरवत आणि परतत.

अखेर बाजारातल्या बायांनीच कोठी उघडली आणि अबेना दुफिएला माझ्यावर बसवले. ती टोमॅटोवाल्यांची पुढारीण. भांडण मिटवताना आवाज चढू देत नसे, आणि भाव उतरू देत नसे. ती बसली आणि माझ्या लाकडात पुन्हा धुगधुगी आली.

थोड्याच दिवसांत प्रमुखाचा भाचा क्वामे सभेपुढे आला. बाजाराची जागा त्याला ट्रक उभे करायला हवी होती. बायांनी नदीपलीकडे जावे, म्हणे. पावसाळ्यात त्या नदीला उतार नसतो. जागा गेली की चुली विझल्या. पण मामा गादीवर, मग पंचांना कसली काळजी? ते हसतखेळत झाडामागे आले.

तिथे मी होते. माझ्यावर दुफिए होती.

"या," ती म्हणाली. "विचारा."

म्हातारे पंच ग्येबी यांच्या हातची तपकीर सांडली. "अगं पोरी, आम्ही आजीला विचारायला आलोय. तुझे तर सगळे दात शाबूत आहेत!"

"म्हणूनच सांभाळून विचारा, काका. चावेन."

एकाला हसू फुटले. ग्येबी गंभीर झाले. "बरं बाई, विचारतो. क्वामेला जागा द्यावी का?"

"ट्रक भरायचे कशानं? आमच्या टोमॅटोनंच ना? बाजार नदीपार गेला, तर त्याचे ट्रक काय वारा वाहतील?"

"पण त्यानं उभे कुठं करायचे?"

"मामाचं अंगण काय लहान आहे?"

पंच परतले. ग्येबींनी घसा खाकरला. "आजी म्हणते, बाजार हलायचा नाही. ट्रक मामाच्या अंगणात लावा."

प्रमुखाचा चेहरा उतरला. "कुठली आजी? झाडामागं कोण असतं, मला माहीत नाही होय?"

दुफिए सभेत आली. मागून एका बाईने मला आणून ठेवले. "मी असते, नाना," ती प्रमुखाला म्हणाली. " गाव तुमच्या भाच्याच्या नावावर नाही. हे चारचौघांत सांगायचा हक्क माझा आहे, म्हणून सांगते."

प्रमुख तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. शेवटी भाच्याला म्हणाला, "जा, अंगणातल्या बकऱ्या हलव."

बाजार तिथेच भरतो आहे. बाया मला पुन्हा घासतात, माझी वाखाणणीही करतात. पण मित्रांनो, घासून कुठले आसन जगत नाही. बसणारीच्या उबेने जगते. तुमच्या गावात, कचेरीत असे एखादे आसन रिकामे असेल, तर त्यावर तिला बसवा. तिला विचारा. आणि विचारलेत, की उत्तर येईपर्यंत थांबा.