चौथ्या ओळीपुरतं

बाबांच्या पावाच्या गाडीला सकाळी उठायचा भारी कंटाळा. जुनं डिझेल इंजिन ते. थंडीत आधी त्याच्या पोटात ऊब सोडावी लागे, मगच ते धडधडायचं. ती ऊब द्यायला चार हीटर प्लग होते, बोटाएवढाले, चार सिलिंडरांना चार. किल्ली अर्धी फिरवायची, प्लग तापेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे. किती थांबायचं ते सांगणारा डॅशबोर्डवरचा दिवा कधीच गेला होता. आईनं तो बदलू दिला नाही. त्याच्या जागी तिनं चार ओळी रचल्या. त्या म्हणून होईस्तोवर प्लग लाल होत.

आई गेली, पाठोपाठ थंडी आली. तेव्हापासून गाडी नुसती कण्हायची, पांढरा धूर ओकायची आणि मान टाकायची. बेकरीतले पाव दादा स्वतःच्या गाडीतून पोचवत होता.

"गाडीचं नाही, बाबांचंच काहीतरी हललंय," तो बहिणीला म्हणाला. "परवा चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होते."

"तू नाही का मोबाइल कानाला लावून मोबाइल शोधत होतास?"

"हसण्यावारी नेऊ नकोस, पाना."

लहानपणी ती उशाशी पाना घेऊन झोपायची, म्हणून दादानं हे नाव ठेवलं. आता ती गॅरेजात काम करत होती, आणि नाव काही सुटलं नव्हतं.

"उद्या भर रस्त्यात काही विसरले तर?" दादाचा आवाज खाली आला. "प्लग बदलून बघ. थंड गाडी बाबांनी स्वतः चालू केली, तर मी एक अक्षर बोलणार नाही. नाहीतर किल्ली माझ्याकडे."

बाबा दारातच उभे होते. खिशातल्या किल्लीवर त्यांची मूठ आवळली गेली, आणि ते पानानं पाहिलं.

संध्याकाळीच तिनं प्लगच्या आट्यांवर तेल सोडून ठेवलं. उजाडताना चारही प्लगांना जोडणारी पट्टी काढली. टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीला लावला आणि टोक एकेका प्लगवर टेकवलं. पहिल्यावर दिवा लागला. दुसऱ्यावर नाही. तिसऱ्यावरही नाही. चौथ्यावर लागला.

"दोन मेलेत, बाबा!" तिला हायसं वाटलं. दोष लोखंडात होता.

एका जागी जुने झालेले प्लग घाईनं फिरवले तर आतच मोडतात. ती जरासा ढिला करी, पुन्हा मागे नेई, पुन्हा ढिला करी. एकेक प्लग काजळी माखून बाहेर आला. नवा प्लग पकडीत धरून तिनं क्षणभर बॅटरीला जोडला. टोक निखाऱ्यासारखं फुललं. बाबा ओणवे होऊन त्या लाल ठिपक्याकडे बघत राहिले. चारही नवे प्लग तिनं आधी हातानं बसवले, मग पान्यानं बेतानं आवळले. पट्टी लावली. किल्ली अर्धी फिरवून पट्टीवर करंट येतोय, तेही पाहिलं.

"बसा, बाबा."

बाबा चढले. शेजारच्या सीटवर आईची शाल घडी करून ठेवली होती. किल्ली अर्धी फिरली आणि ओठ हलले. मग इंजिन कण्हलं आणि धूर ओकून गप्प झालं.

पुन्हा तेच.

दादानं डोळे मिटले. त्याला जिंकायचं नव्हतं. तरी हात पुढे झालाच. "बाबा, द्या."

"थांब रे," पाना म्हणाली. "बाबा, जरा मोठ्यानं म्हणा ना."

बाबांनी खाकरून घसा साफ केला.

*जाग बाई गाडी, उजाडलं दारी,*
*पोटात निखारे फुंकिले मी चारी,*
*हळू हळू तापो लोखंडाचा जीव...*

आणि त्यांची बोटं किल्लीकडे वळली.

"अजून एक ओळ आहे, बाबा."

"ती माझी नाही."

हातातलं अवजार तसंच धरून पाना उभी राहिली. लहानपणी भिंतीपलीकडून हे गाणं ऐकताना तिला वाटायचं, शेवटी बाबांचा आवाज बारीक होतो. इतकी वर्षं ती तेच समजत आली होती. तो आवाज बाबांचा नव्हताच. तीन ओळी बाबा म्हणत, चौथी आई म्हणे, आणि तिच्या शेवटच्या अक्षरावर किल्ली फिरे.

"तू म्हण," दादा बहिणीला म्हणाला.

तिच्या ओठांवर ओळ आली होती. *चल आता राणी, कर आमची कीव.* तिनं ती गिळली. रोज पहाटे ओळ म्हणायला ती स्वतः कुठून येणार होती? आणि आली असती, तरी ती जागा तिची नव्हती.

"बाबा," ती खिडकीशी जाऊन म्हणाली, "तुम्ही तिच्या बोलण्यात घुसताय."

बाबांनी मान वर केली.

"तुमच्या तीन म्हणून झाल्या की गप्प बसा. तिची ओळ तिला म्हणू द्या."

बाबा बराच वेळ शालीकडे बघत होते. मग त्यांनी किल्ली पुन्हा अर्धी फिरवली. जाग बाई गाडी. पोटात निखारे. हळू हळू तापो लोखंडाचा जीव.

आणि थांबले.

कुणी हललं नाही. दादाचा पुढे झालेला हात हळूच खाली आला. गाडीत, शेडमध्ये, तिघांच्या मधोमध ती शांतता एका ओळीइतकी लांब पसरली. बाबांचे ओठ मिटलेले होते, मान मात्र ताल धरत होती. मान थांबली, आणि त्यांनी किल्ली फिरवली.

इंजिन एकदाच अडखळलं, आणि धडधडू लागलं.

दादा पाठमोरा झाला आणि पावांचे क्रेट उचलून एकेक करून गाडीत ठेवू लागला.