डोळे थोरल्याचे

आईच्या घरी यायचं तर माणसानं एकट्यानं यावं. धाकटा आला तो फोटोवाला घेऊन, बातमी लिहिणारी एक मुलगी घेऊन. आणि वर, खुर्ची खिडकीशी ओढायची का, हे आईला सोडून फोटोवाल्याला विचारत. म्हातारी त्याच खुर्चीत बसली होती. तिनं काठी जमिनीत रोवल्यासारखी धरली.

"खुर्ची हलायची नाही. मी बसलेय तीत."

फोटोवाला हसला. धाकटाही हसला. त्याचं हसू हल्ली त्याच्या चित्रांसारखंच झालं होतं. कधीही बघा, तेवढंच.

कागदात गुंडाळलेलं चित्र त्यानं भिंतीला टेकवलं. थोरल्याला जाऊन वर्ष होत आलं होतं. भावानं भावाचं चित्र काढलं, ते आईला दाखवतानाचे फोटो निघणार होते आणि मग ते प्रदर्शनात पहिल्या भिंतीवर लागणार होतं. म्हातारीनं फोनवर एकच बजावलं होतं: "डोळे उघडे काढ." थोरल्याचा एक धड फोटो घरात नव्हता. उमेदीची वर्षं दुसऱ्यांची तोंडं रंगवली, स्वतःचं कुणाला दाखवायला सवड होती कुठे? हल्ली तर त्याची नजर आठवायला बसलं की आधी बापाचीच आठवायची. "हो आई," धाकटा म्हणाला होता.

धाकट्याची चित्रं कोण ओळखत नव्हतं? लांब मान, एका बाजूला कललेली, आणि मिटलेले डोळे. बँकेत, दवाखान्यात, बिस्किटांच्या डब्यावर, पोरांच्या वह्यांवर. समोरच्या शिवणवालीनं दुकानाच्या शटरवर तशीच बाई काढून घेतली होती, आणि तिची लेक फोटो काढून घेताना मान वाकडी करून डोळे मिटायची. "झोप आली असेल तर अंथरूण घालते," म्हातारी तिला म्हणायची.

"आजी, सरांच्या माणसांचे डोळे नेहमी मिटलेले का असतात?" बातमीवाल्या मुलीनं विचारलं.

धाकट्यानं आईला तोंड उघडू दिलं नाही. "उघडे डोळे जग बघतात. मिटलेले स्वतःला."

मुलीनं ते लिहून घेतलं. म्हातारीनं काठीची मूठ चोळली. हे वाक्य तिला आता पाठ झालं होतं, आणि ते कुठे जन्मलं तेही.

पूर्वी पत्र्याच्या शेडमध्ये दोघे भाऊ सिनेमाचे फलक रंगवायचे. धाकटा केस, कपडे, गाल झरझर उरकायचा आणि डोळ्यांच्या जागा कोऱ्या ठेवायचा. मग थोरला बारीक कुंचला घेऊन शिडी चढायचा. तो उतरला की फलक बघणाऱ्याकडे बघायला लागायचा. एकदा तो शिडीवरून पडला, हात मोडला. त्या आठवड्यात धाकट्यानं फलकावरच्या नटीचे डोळे स्वतःच काढले. एक पूर्वेला, एक पश्चिमेला. मालक ओरडत आला, तशी धाकट्यानं घाईघाईनं गालाचाच रंग घेऊन दोन्ही डोळे बुजवले आणि वर पापण्यांच्या दोन रेघा ओढल्या.

"ही काय झोपलीय?"

"विचारात आहे," धाकटा म्हणाला.

मालक खूश. म्हातारी तेव्हा जेवणाचा डबा घेऊन दारात उभी होती. पोरगं तरलं म्हणून तिलाही हसू फुटलं होतं. थोरल्याचा हात बरा झाला तोवर जो तो मिटलेलेच डोळे मागत होता. मग थोरला लोकांची दारं-खिडक्या रंगवत राहिला, मरेपर्यंत. कधी अवाक्षर काढलं नाही. तिनंही नाही. दोघेही पोटचे, एकाचं झाकायचं तर दुसऱ्याचं उघडं पडतं.

धाकट्यानं कागद ओढून काढला. लांब मान, कललेली. डोळे मिटलेले.

"हे काय?"

"आई, माझी चित्रं अशीच असतात."

"चित्र तुझं असेल. पोरगा माझा आहे."

ती काठी टेकत उठली. कपाटाच्या खणातून फडक्यात बांधलेला थोरल्याचा कुंचला काढला आणि धाकट्याच्या हातात ठेवला.

"उघड."

मुलीचं लिहिणं थांबलं. धाकटा चित्राशी वाकला. कुंचल्याचं टोक पापणीपासून दोन बोटांवर येऊन थांबलं.

"उजेड बरोबर नाही."

"उजेड झकास आहे, सर," फोटोवाला म्हणाला. बिचाऱ्याला काय ठाऊक!

"राहू दे," म्हातारी म्हणाली. "काळे होते की घारे, तेवढं तरी तोंडानं सांग."

धाकटा चित्राकडेच बघत राहिला, जणू तिथे कुठे लिहून ठेवलं असावं.

म्हातारीनं त्याच्या हातातून कुंचला काढून घेतला आणि फडक्यात गुंडाळत, आवाज न चढवता म्हणाली,

"तो गेला तेव्हा त्याचे डोळे मी मिटले, या हातांनी. पण तू ते तो जिवंत असतानाच मिटले होतेस, आणि मी डबा धरून हसत उभी होते. चित्र घेऊन जा. कुंचला इथेच राहील."